हीटरची जाळी

माझ्या आणि दादाच्या भांडणात जमीन नाही, घर नाही, बायका नाहीत. आमचं भांडण मोटारीच्या हीटरवरून झालं. हे सांगितलं की लोक हसतात. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात मोटारीला हीटर असतो हेच कित्येकांच्या गावी नसतं, आणि असला तरी त्यापायी सख्खे भाऊ सव्वा वर्ष एकमेकांशी बोलत नाहीत, हे कुणाला खरं वाटत नाही. दुसऱ्या कुणी मला हे सांगितलं असतं तर मीही त्याला मूर्ख म्हणालो असतो. म्हणायची हौस मला पहिल्यापासून आहे.

मलकापुरात आई आणि मी असे दोघंच राहतो. मी हायस्कुलात गणित शिकवतो. लग्नाच्या भानगडीत पडलो नाही, आणि माझा स्वभाव बघता कुणाची तरी पोरगी वाचली, असं आई चारचौघांत सांगते. दादा हातकणंगल्याला असतो, त्याचं तिथे शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी आईच्या किडन्यांनी हात टेकले आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, तिला डायलिसिसला कोल्हापूरला न्यायचं ठरलं. सकाळी सातचा नंबर, म्हणजे मलकापुरातून साडेपाचला निघायचं. त्या फेब्रुवारीत दादानं नवी गाडी घेतली आणि जुनी आमच्या दारात आणून लावली. पंधरा वर्षं वापरलेली, पण ठणठणीत. "आईसाठी हाय," एवढंच म्हणाला आणि किल्ली माझ्या हातात दिली.

मंगळवार माझा आणि शुक्रवार दादाचा, अशी वाटणी झाली. तो गुरुवारी संध्याकाळी त्याच्या नव्या गाडीतून यायचा, रात्री मुक्काम करायचा आणि पहाटे आईला घेऊन जायचा. गुरुवारी दुपारपासून आईचे कान दाराकडे लागलेले असत. पथ्यामुळे तिच्या ताटात काही उरलं नव्हतं, पण त्याच्यासाठी भाकरी थापायला ती स्वतः उठायची. माझ्या भाकरी बाकीचे सगळे दिवस स्वयंपाकाच्या बाई करायच्या. हे मी तेव्हा मोजत नव्हतो असं म्हणालो तर ते खोटं होईल.

डिसेंबर आला. मलकापूरकडची थंडी कोल्हापूरच्या माणसाला कळणार नाही. पहाटे रस्त्यावर धुकं उतरतं, समोरची उसाची ट्रॉली दहा पावलांवर आल्यावर दिसते. डायलिसिसवरच्या माणसाला थंडी तशीही जास्त वाजते. आई दोन मोजे, वर शाल, त्यावर चादर अशी बसायची आणि तरीही तिचे दात वाजायचे. एका मंगळवारी ती सहज बोलून गेली, "थोरल्याच्या गाडीत पाय कसं गरम ऱ्हात्यात."

तिच्या मनात काही नव्हतं, पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आमच्याही गाडीला हीटर होताच. डॅशबोर्डवर गोल बटण होतं, एका बाजूला निळी रेघ, दुसऱ्या बाजूला लाल. मी ते पार लालवर फिरवलं आणि पंखा सुरू केला. पाच मिनिटं गेली, दहा गेली, बांबवडे मागे पडलं, इंजिन चांगलं तापलं होतं, तरी पायांवर येणारी हवा गारच होती. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, बंद कर."

त्याच दिवशी दुपारी मी गाडी स्टँडजवळच्या मेकॅनिककडे नेली. तो चहा पीत होता. त्यानं बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, "सर, ह्या जुन्या गाड्यांचा हीटर गळाय लागला की आमी दोन पायपा एकमेकीला जोडून टाकतो. पानी हीटरकडं जायाचंच न्हाय. आपल्याकडं हीटर लागतोय कुणाला? मागच्या मालकानं केलं असंल बघा तसंच."

वर्गात मी पोरांना ओरडतो, उत्तर लिहू नका, आधी रीत दाखवा. त्या दिवशी मी स्वतः उत्तर घेऊन चालू लागलो. बॉनेट उघडून दोन पायपा बघायला एक मिनिट लागलं असतं. मला ते एक मिनिट नको होतं. मला दादा चुकलेला हवा होता.

घरी न जाता रस्त्याच्या कडेला गाडी लावून मी त्याला फोन केला. नीट विचारलंच नाही. "हीटर तोडून गाडी दिलीस ती दिलीस, सांगायचं तरी होतंस," इथून सुरुवात केली.

"कोन तोडतंय? माज्याकडं हुती तवर चालत हुता. ह्याच जानेवारीत लावलाय मी."

"मेकॅनिक म्हणतोय बायपास केलाय."

"मग मेकॅनिकला इचार की. तू मला खोटारडा म्हनतोस व्हय?"

मी आणखी पुढे गेलो. म्हणालो, स्वतःच्या गाडीत ऊब आणि आईच्या गळ्यात भंगार मारलंस, शुक्रवारचा एक दिवस नेऊन मोठा श्रावणबाळ होतोस, बाकीचे दिवस ती थंडीत कुडकुडते ते तुझ्यामुळं. मग तो म्हणाला, "बरं. तुजी आई, तुजी गाडी. मी येत न्हाय." त्या गुरुवारी तो आला नाही. पुढच्याही आला नाही.

त्यानंतर मी शाळेत असताना तो आईला फोन करायचा. शुक्रवारही माझ्याकडे आला, त्यासाठी मी अर्ध्या दिवसाच्या रजा टाकू लागलो आणि प्रत्येक रजेचा अर्ज दादाच्या नावानं दात खात लिहिला. आई एकदाच म्हणाली, "मला थंडी वाजली तर वाजू दे. थोरला घरात येऊ दे. माझं आता किती दिस ऱ्हायल्यात?" मी म्हणालो, चूक त्याची आहे, त्यानं यावं. मग तिनं तो विषय काढला नाही. गुरुवारी मात्र ती संध्याकाळी ओट्याजवळ जाऊन उभी राहायची आणि परत येऊन बसायची.

मला आता ज्याची सगळ्यात जास्त लाज वाटते ते वेगळंच आहे. तो आख्खा हिवाळा मी हीटर दुरुस्त केला नाही. कोल्हापुरात दर खेपेला चार तास मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून असायचो आणि दहा मिनिटांवरच्या उद्यमनगरात ओळीनं गॅरेजं होती. पण हीटर दुरुस्त झाला असता तर दादाचा गुन्हा पुसला गेला असता. आईचे दात वाजले की मला तिची कीव यायची आणि त्याच वेळी आत कुठेतरी बरं वाटायचं, की बघा, हे त्यानं केलंय. नातेवाईक विचारायचे, थोरला येत नाही का हल्ली, तेव्हा मी आईच्या चादरीकडे बोट दाखवून सगळी कथा सांगायचो. तिची थंडी माझ्या कामाला येत होती.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दुसरा डिसेंबर आला. आई बरीच वाळली होती. त्या महिन्यात गाडीनंच तक्रार केली. पहाटे समोरची काच आतून धुरकट व्हायची, फडक्यानं पुसली की तेलकट फराटा उठायचा. आईच्या बाजूचं पायाखालचं कार्पेट ओलं लागू लागलं. गाडीत एक उकडल्यासारखा वास भरायचा. वास ओळखीचा होता, पण कशाचा ते आठवत नव्हतं. एका शुक्रवारी घरी आल्यावर आईनं मोजे काढले तर तळव्याकडून ओले, आणि पिवळट झालेले. ती न्हाणीत बसून ते धूत होती. मी म्हणालो, टाकून दे, नवे आणू. तिनं मोजा उजेडात धरून बघितला आणि पुन्हा पाण्यात बुडवला.

आता मात्र पर्याय नव्हता. पुढच्या खेपेला आईला दवाखान्यात सोडून मी उद्यमनगरात एका गॅरेजवाल्याकडे गेलो आणि बायपासचं ऐकलेलं त्याला सांगितलं. गडहिंग्लजकडचा, साठीचा माणूस, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलण्यात कानडी हेल. त्यानं इंजिन चालू ठेवायला सांगितलं, बॉनेट उघडलं आणि मागच्या बाजूच्या दोन रबरी पायपांवर एकेक हात ठेवला.

"कोन म्हनलं बायपास केलाय? पायपा जागच्या जागी हायत की. ही जातीया ती चटका देतीया, ही येतीया ती थंडगार. हीटरची जाळी चोंदलीया आत. आनि आता फुटलीया."

हीटरची जाळी म्हणजे डॅशबोर्डच्या पोटात बसवलेला वीतभर रेडिएटर. इंजिनाचं तापलेलं पाणी तिच्या बारीक नळ्यांतून फिरतं, पंखा तिच्यावरून हवा ढकलतो आणि ती गरम हवा पायांवर येते. एवढंच ते यंत्र. पण ते गाठायला आख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तो म्हणाला, जाळी मागवतो, पुढच्या मंगळवारी गाडी दिवसभर सोडा.

म्हणजे दादानं पायपा जोडल्या नव्हत्या. ज्या गोष्टीवरून मी त्याला खोटारडा ठरवलं ती घडलीच नव्हती. फोन करायला तो दिवस चांगला होता. पण दवाखान्यात पोचेपर्यंत मी दुसरा हिशेब मांडला होता. जाळी चोंदली ना? मग त्यानंच पंधरा वर्षं घाण पाणी भरलं असणार. गणिताच्या मास्तराला उत्तर आधी ठरवून रीत मागून बसवता येते.

मंगळवारी गाडी गॅरेजात सोडली आणि रिक्षानं आईला दवाखान्यात नेलं. अकरानंतर तिला घेऊन परत आलो. डायलिसिसनंतर तिच्यात बोलायचंही त्राण नसतं. गॅरेजवाल्यानं तिला प्लॅस्टिकची खुर्ची उन्हात मांडून दिली आणि "बसा आई" म्हणाला. आमच्या गाडीचं तोंडच गेलेलं होतं. डॅशबोर्ड जमिनीवर पालथा पडला होता, जागोजाग वायरी लोंबत होत्या, काचेखाली नुसतं भगदाड दिसत होतं. त्यातून त्यानं जुनी जाळी ओढून काढली, एक घमेलं पुढ्यात घेतलं आणि जाळी उभी धरून कडेवर दोनदा आपटली.

घमेल्यात पिवळा चिखल पडला. दाट, गाळासारखा, पिठल्यासारखा. वास नाकात गेला आणि दीड वर्ष न आठवलेलं सगळं मला एका क्षणात आठवलं.

गाडी आमच्याकडे आल्यावरचा मे महिना होता. कोकणातलं एक लग्न उरकून मी आणि आई परत येत होतो. आंबा घाटाच्या निम्म्यात गाडीनं वाफ सोडली, रेडिएटरला बारीक चीर गेली होती. एक ट्रकवाला थांबला, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "पावणं, हळद हाय का?" हायवेवरची ही जुनी विद्या. रेडिएटरच्या पाण्यात हळद टाकली की ती फुगते, चिरेत जाऊन बसते आणि गळती थांबते. लग्नघरी उरलेली हळदीची पिशवी आईला दिलेली होती, ती तिनं काढून दिली. गाडी निवल्यावर ट्रकवाला म्हणाला, "चमचाभर टाका. जास्त न्हाय. आनि घरी गेलासा की पानी सोडून दोनदा धुऊन घ्या, न्हायतर बारक्या नळ्या चोंदत्यात." तो गेला. चमचाभर हळदीनं काय होणार, असं म्हणून मी मूठ घातली. मग आणखी एक, आणि एक शंकेला. आई म्हणाली, "बास की आता." मी म्हणालो, तुला काय कळतंय यातलं.

गळती थांबली. मी ऐटीत घरी आलो आणि पाणी काही धुतलं नाही. जून उजाडला तरी स्टाफरूममध्ये माझी हळदीची कथा चालू होती. चीर हळदीनं बुजली तशा जाळीच्या नळ्याही बुजल्या, आणि मेमध्ये हीटर कोण लावतो? दादाच्या हातून आला तेव्हा हीटर चांगला होता. तो मी मारला होता, तीन मुठींनी.

गॅरेजवाल्यानं चिखलात बोट घातलं, हुंगलं आणि मोठ्यानं हसला. "चिमूटभर चालतीया हो, ही तर आख्ख्या लग्नाची हळद घातलीया! कुनी केलं हे?"

आई माझ्यापासून चार हातांवर बसली होती. घमेलं तिला दिसत होतं.

मी म्हणालो, "मागच्या मालकानं."

तो पुन्हा हसला, मागच्या मालकाच्या अकलेवर काहीतरी कानडीत बोलला आणि नवी जाळी बसवायला आत शिरला. मी आईकडे बघितलं नाही. डॅशबोर्डचे स्क्रू एका डब्यात पडले होते, ते उगाच निवडत उभा राहिलो.

गाडी तयार व्हायला संध्याकाळचे पाच वाजले. निघालो. शहर मागे पडलं तसा गारवा वाढला. मी बटण लालवर फिरवलं आणि पंखा लावला. केर्ल्याच्या आसपास पहिल्यांदा गरम हवा आली, खरी, पायाला सुखावणारी. मी म्हणालो, "बघ, आता कसं?"

आईनं पायांकडे बघितलं. मग म्हणाली, "मोज्याला साबन लावला आनि डाग लालभडक झाला. आरं, हळदीचा डाग मला कळंना व्हय? तवाच समजलं मला. तुज्या तोंडनं ऐकायचं हुतं म्हनून गप बसले. आज ऐकलं."

मी म्हणालो, "त्या माणसासमोर कसं सांगायचं? मास्तर माणूस मी."

"त्या मानसाचं जाऊ दे. थोरल्याला फोन लाव."

"घरी गेल्यावर लावतो."

तिनं शालीतून हात बाहेर काढला. सुया टोचून टोचून निळा पडलेला हात. तिनं बटण लालवरून निळ्यावर आणलं, पंखा बंद केला आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "लाव तू फोन, मग लाव हीटर," म्हणाली.

घरी गेल्यावर मी फोन लावला नाही. उशीर झाला होता असं म्हणालो. दुसऱ्या दिवशी शाळेत परीक्षा होती, तिसऱ्या दिवशी गुरुवार होता आणि गुरुवारी फोन करणं मला जड वाटलं. शुक्रवारी पहाटे मी हीटर लावला, तिनं बंद केला. मंगळवारी पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. आम्ही भांडलो नाही. मी लालवर न्यायचो, ती निळ्यावर आणायची, आणि मलकापूर ते कोल्हापूर तासभर दात वाजत राहायचे. आता ते दात कुणामुळं वाजतात हे दाखवायला माझ्यापाशी कुणी दुसरा नव्हता.

एकदा वाटेतच आईला दादाचा फोन आला. त्या वेळी मी शेजारी गाडी चालवत असणार हे त्याला माहीत होतं, तरी केला. आई म्हणाली, "व्हय, झाला की दुरुस्त. चांगला गरम हुतोय." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आई म्हणाली, "ते मला न्हाय सांगता यायचं. तो सांगंल की तुला," आणि फोन माझ्याकडे धरला. समोर ट्रॅक्टर होता, ओव्हरटेक करायचं होतं. मी मान हलवून नको म्हणालो. ट्रॅक्टर काही फार अडचणीचा नव्हता. तिनं क्षणभर फोन तसाच धरून ठेवला, मग कानाला लावून "ठेवते बाळा" म्हणाली.

तीन शब्द होते. हळद मी टाकली. रोज शाळेत जाताना मी ते मनात म्हणून बघायचो आणि रोज वाटायचं की हे ऐकून दादा हसेल. तो चिडला असता तर मी सहन केलं असतं. तो हसून "आरं खुळ्या, एवढंच व्हय?" म्हणेल आणि गुरुवारी येऊन उभा राहील, याची मला भीती वाटते. मग सव्वा वर्षाचं काय करायचं? आईच्या रिकाम्या गुरुवारांचं काय करायचं? ते सगळे माझ्या एकट्याच्या नावावर पडतील.

मार्च लागला. पहाटेचं धुकं गेलं, मग गारवा गेला. परवाच्या मंगळवारी आईनं शाल घेतली नाही. मी सवयीनं बटणाकडे हात नेला आणि लक्षात आलं, आता याची गरज नाही. मला हायसं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण तेच खरं आहे. पुढच्या डिसेंबरात ती या सीटवर असेल की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत आणि मी विचारत नाही, तरी मला हायसं वाटलं.

परत येताना तिनं काच अर्धी खाली केली. बाहेर गुऱ्हाळाचा वास येत होता. ती डोळे मिटून बसली होती, मला वाटलं झोप लागली. मलकापूरचा फाटा आला तेव्हा ती डोळे न उघडता म्हणाली, "थंडी गेली बघ. सुटलास तू."